सोर्सवरून क्यूएमू बांधताना ‘जुनी लायब्ररी’ आडवी येते तेव्हा

विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न लातूर-नांदेडकडच्या सायबर कॅफेपासून तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांपर्यंत आला. त्यावर निघालेला एक मार्ग असा, की संगणकावर लिनक्स टाकायचे आणि ज्या एखाद्या कामाला दुसरी प्रणाली लागतेच, ती लिनक्सच्या आत आभासी यंत्रात चालवायची. मार्ग चांगला आहे. मात्र हे आभासी यंत्र चालवणारे क्यूएमू नावाचे सॉफ्टवेअर स्वतः सोर्सवरून, म्हणजे विकासकांनी लिहिलेल्या मूळ मजकुरावरून, बांधायला घेतले, की पहिल्या पाच मिनिटांतच ‘अमुक लायब्ररी जुनी आहे’ अशी तक्रार येते आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

लातूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम पाहतो, तिथे गेल्या सत्रात औशाहून ये-जा करणारी एक विद्यार्थिनी नेमकी याच ठिकाणी अडली. संगणकावर उबुंटू या लिनक्स-वितरणाची (लिनक्सच्या तयार संचाची) २०.०४ ही आवृत्ती होती आणि तिने क्यूएमूची १०.० ही आवृत्ती उतरवून घेतली होती. “सर, हे खाली लाल अक्षरात काय यायलंय?” तिने विचारले. पडद्यावर ग्लिब नावाच्या लायब्ररीची तक्रार होती: हवी २.६६.० किंवा पुढची, सापडली २.६४.६. त्याच्याच शेजारी दुसरी खिडकी उघडी होती, जिच्यात उबुंटूची पॅकेज-व्यवस्था तिला ठामपणे सांगत होती की ग्लिबची सर्वांत नवी आवृत्ती आधीच बसवलेली आहे. एकाच संगणकावर, एकाच वस्तूबद्दल, एक खिडकी ‘नवीन’ म्हणत होती आणि दुसरी ‘जुनी’. दोन्ही खऱ्या होत्या, आणि त्या दोन्ही खऱ्या कशा, हे समजले की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

आभासी यंत्र आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी आणि स्वतःचे नेटवर्क कार्ड असल्याचा भास करून दिला जातो आणि आतल्या प्रणालीला आपण भाड्याच्या खोलीत आहोत याचा सहसा पत्ताही लागत नाही. लिनक्सवर हे काम प्रामुख्याने दोघे मिळून करतात. फाब्रीस बेलार यांनी सुरू केलेला आणि २००३ पासून लोकांसमोर असलेला क्यूएमू हा कार्यक्रम यंत्राचे सोंग वठवतो, तर २००७ साली लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२० आवृत्तीत दाखल झालेला केव्हीएम हा भाग प्रोसेसरची खरी ताकद आतल्या यंत्रापर्यंत पोहोचवतो. केव्हीएम कर्नलसोबतच येते. बांधायचा प्रश्न येतो तो क्यूएमूचा.

तयार पॅकेज असताना हा उपद्व्याप कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि ज्याला फक्त विंडोज चालवायचे आहे त्याने तयार पॅकेजच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोर्सकडे जाण्याचे कारण तयार पॅकेज मागे राहिल्यावर निर्माण होते. उबुंटू २०.०४ सोबत क्यूएमूची ४.२ ही आवृत्ती येते, २२.०४ सोबत ६.२ आणि २४.०४ सोबत ८.२. आमच्या विद्यार्थिनीला रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर प्रकल्प करायचा होता. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर याच रचनेवर आधारलेले आहेत. प्रत्यक्ष बोर्ड विकत घेण्याऐवजी क्यूएमूमध्ये तो आभासी रूपात उभा करणे स्वस्त पडते, परंतु त्या रचनेसाठीचा आधार क्यूएमूत गेल्या काही वर्षांत एवढा वाढला आहे की ४.२ मध्ये तिला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी नव्हत्याच.

डिपेंडन्सी म्हणजे सामाईक विहीर

कोणताही मोठा कार्यक्रम सगळे काम स्वतः करत नाही. चित्र रंगवणे, मजकुराच्या याद्या सांभाळणे, नेटवर्कवर बोलणे ही कामे आधीच कोणीतरी नीट लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात आणि कार्यक्रम ज्या लायब्ररीवाचून चालत नाही, ती त्याची डिपेंडन्सी. लिनक्सवर या लायब्ऱ्या बहुतांशी सामाईक असतात. चार भावांच्या शेताला एकच विहीर आणि एकच मोटर असावी आणि प्रत्येकाने आपापल्या पाळीला पाणी घ्यावे, तसे एकच ग्लिब फाइल-व्यवस्थापक, नेटवर्कची खूण दाखवणारा कार्यक्रम आणि क्यूएमू असे सगळे मिळून वापरतात. यात जागा वाचते आणि एका जागी दुरुस्ती केली की सर्वांना लाभ होतो. गैरसोय अशी, की एका भावाने नवा तुषार संच आणला आणि त्याला जास्त दाब लागू लागला, तर मोटरीचा विषय एकट्या त्याचा राहत नाही.

उबुंटू, डेबियन, रेड हॅट यांसारख्या वितरणांच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या ही मोटर मुद्दाम बदलत नाहीत. प्रकाशनाच्या वेळी ज्या आवृत्त्या घेतल्या, त्या वर्षानुवर्षे तशाच ठेवून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या आत बसवायच्या, असे त्यांचे धोरण असते. त्यामुळे पॅकेज-व्यवस्था ‘सर्वांत नवी’ म्हणते तेव्हा तिचा अर्थ ‘या वितरणाच्या या आवृत्तीपुरती सर्वांत नवी’ एवढाच असतो. क्यूएमूचा सोर्स मात्र जगातल्या घडामोडींच्या हिशेबाने ‘जुनी’ म्हणतो. पडद्यावरच्या दोन खिडक्यांचे भांडण ते हेच.

तक्रार वाचायची कशी?

बांधणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट आणि तिच्यामागचे मेसॉन हे साधन संगणकावर काय आहे, काय नाही, याची तपासणी करतात. दुसऱ्यात निंजा हे साधन हजारो फायली कंपाइल करते, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणते. (क्यूएमूत मेसॉन आले ते डिसेंबर २०२० च्या ५.२ आवृत्तीपासून, त्याआधीच्या सूचना वाचून आज बांधणी करू पाहणारा माणूस चुकीच्या गल्लीत शिरतो.) जुन्या डिपेंडन्सीची तक्रार बहुधा पहिल्या टप्प्यातच येते आणि हे आपले भाग्य आहे, कारण तिथे ‘काय हवे’ आणि ‘काय सापडले’ हे दोन्ही आकडे समोर दिसतात.

हे आकडे कुठून येतात, ते जाणून घेणे उपयोगाचे आहे. प्रत्येक लायब्ररीची विकासासाठीची फाइल-पोतडी स्वतंत्र पॅकेजमध्ये मिळते. उबुंटू-डेबियनमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, तर फेडोरा-रेड हॅटमध्ये ‘डेव्हल’. त्या पोतडीत एक छोटी मजकूर-फाइल असते, जिच्यात लायब्ररीची आवृत्ती आणि तिचा ठावठिकाणा लिहिलेला असतो, आणि पीकेजी-कॉन्फिग हे साधन ती वाचून मेसॉनला उत्तर देते. म्हणून ‘सापडली नाही’ आणि ‘सापडली पण जुनी आहे’ या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिलीत बहुतेक वेळा लायब्ररी असते, केवळ डेव्ह पॅकेज नसते. ते बसवले की विषय संपतो. दुसरीत किती वेळा अपडेट केले तरी उपयोग नसतो, आणि आमच्या विद्यार्थिनीने तर ते दोनदा करून पाहिले होते.

तिसरा एक प्रकार फसवा असतो. पॅकेज नवे असते, तरी तक्रार जुन्याची येते. अशा वेळी पूर्वी कोणीतरी स्थानिक फोल्डरमध्ये हाताने बसवलेली जुनी प्रत पीकेजी-कॉन्फिगला आधी सापडत असते. पीकेजी-कॉन्फिगलाच आवृत्ती आणि जागा विचारली, की चोर लगेच सापडतो.

बांधणीच्या स्क्रिप्टना लागणाऱ्या पायथॉन या भाषेबाबतची तक्रार वेगळ्या सुरात येते. क्यूएमूची ८.१ आवृत्ती पायथॉन ३.८ मागते, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना सेटिंगच्या फायली वाचणारा टॉमली नावाचा छोटा भागही लागतो. तो नसेल तर पडद्यावर चक्क ‘आउच!’ असा शब्द उमटतो. पायथॉन ३.११ पासून हे काम पायथॉनच्या पोटातच आहे, परंतु उबुंटू २२.०४ मध्ये पायथॉन ३.१० असल्यामुळे तिथे टॉमलीचे पॅकेज वेगळे बसवावे लागते. पॅकेज बसवल्यावर जुने बिल्ड फोल्डर काढून टाकून तपासणी नव्याने करावी, कारण मेसॉन पहिल्या तपासणीतले काही निष्कर्ष लक्षात ठेवतो आणि आपण दुरुस्ती करूनही तीच तक्रार पुन्हा ऐकवू शकतो. या एका गोष्टीने मी स्वतः एक आख्खी दुपार घालवली आहे.

‘जुने’ नेमके कोण?

इथे थांबून प्रश्न उलटा विचारला पाहिजे. ग्लिब २.६४.६ स्वतःहून जुनी किंवा नवी नसते. सोर्सची तारीख आणि वितरणाची तारीख यांत अंतर पडले की ती जुनी ठरते. हे अंतर किती चालते, याचा क्यूएमूचा नियम लेखी आहे. दीर्घ आधाराच्या वितरणाची सर्वांत अलीकडची आवृत्ती नेहमी चालली पाहिजे. तिच्या आधीची आवृत्ती नवी आल्यापासून दोन वर्षे चालेल, किंवा वितरकाने तिचा आधार त्याआधी सोडला तर तोपर्यंत.

आता हिशेब सोपा होतो. उबुंटू २२.०४ आले एप्रिल २०२२ मध्ये. त्यात दोन वर्षे मिळवली की एप्रिल २०२४. म्हणजे त्या सुमारापर्यंत निघालेल्या क्यूएमूने २०.०४ वर बांधले गेले पाहिजे, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या १०.० ने तसे केले नाही तर तक्रारीला जागा नाही. विद्यार्थिनीला मी हाच हिशेब वहीत मांडायला लावला आणि डिसेंबर २०२३ ची ८.२ आवृत्ती उतरवून घ्यायला सांगितले. टॉमली पायथॉनचे भाग उतरवून देणाऱ्या पिप या साधनातून आणली, डेव्ह पॅकेजे होतीच, आणि ग्लिबची तक्रार आलीच नाही. ४.२ आणि ८.२ यांच्यामध्ये तिला हवे ते सारे होते, १०.० तिने केवळ संकेतस्थळावर सर्वांत वर दिसली म्हणून घेतली होती.

विकासक मुद्दाम छळतात, अशी तक्रार यावर हमखास ऐकू येते. प्रत्येक जुन्या ग्लिबसाठी सोर्समध्ये ‘असेल तर असे, नसेल तर तसे’ अशी ठिगळे ठेवावी लागतात, आणि ती ठिगळे कोणीतरी वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते. दोन वर्षांनी ती काढून टाकणे मला तरी अन्यायाचे वाटत नाही.

मग विहिरीची मोटरच बदलली तर?

कृपया बदलू नये. नव्या वितरणातली ग्लिब ओढून जुन्या प्रणालीवर बसवणे म्हणजे बाकीच्या तीन भावांना न विचारता मोटर बदलणे होय. त्यात नावांचा एक घातक सापळा आहे. ग्लिब आणि ग्लिबसी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ग्लिब ही ग्नोम या डेस्कटॉपच्या परिवारातली सोयीची लायब्ररी. ग्लिबसी ही लिनक्सवरील जवळपास प्रत्येक कार्यक्रमाच्या पायाखालची मूळ सी लायब्ररी. काही वर्षांपूर्वी मी घाईत दुसऱ्या वितरणातले ग्लिबसीचे पॅकेज जबरदस्तीने बसवले होते. त्यानंतर त्या संगणकावर फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा चालेना, प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ज्या सुडो या आज्ञेने पॅकेज मागे घ्यायचे तीही चालेना, आणि शेवटी पेन ड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून आतल्या फायली हाताने पूर्वपदावर आणाव्या लागल्या. तो संगणक माझा नव्हता, ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट.

स्वतःचे शेततळे

नवीच आवृत्ती हवी असेल आणि वितरण बदलता येत नसेल, तर पाणी वेगळे साठवावे. याच्या दोन रीती आहेत.

पहिल्या रीतीत हवी ती ग्लिब आपल्या घरच्या फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे बांधतात आणि पीकेजी-कॉन्फिगच्या शोध-मार्गात ते फोल्डर सर्वांत आधी ठेवतात. इथे हावरटपणा नडतो. क्यूएमूला २.६६ हवी असेल तर २.६६ च घ्यावी. सर्वांत नवी घेऊ नये. ग्लिबने २.७४ पासून पीसीआरई ही लायब्ररी सोडून पीसीआरई२ धरली, त्यामुळे त्यापुढची ग्लिब घेतली की तीही हवी, मेसॉनही नवे हवे, आणि एक वेल ओढावा तर सगळा मांडव अंगावर यावा अशी गत होते. दुसरी खबरदारी चालवतानाची. बांधताना नवी ग्लिब सापडली तरी कार्यक्रम सुरू होताना जुनीच उचलली जाऊ शकते आणि मग ‘अमुक चिन्ह सापडले नाही’ असे सांगून तो बंद पडतो. एलडीडी ही आज्ञा कार्यक्रम प्रत्यक्षात कुठली लायब्ररी उचलतो ते दाखवते. जोडणी करतानाच त्या फोल्डरचा पत्ता कार्यक्रमात कोरून ठेवला की ही अडचण येत नाही.

दुसरी रीत कंटेनरची, आणि मला तीच अधिक पसंत आहे. पॉडमन किंवा डॉकर या साधनांच्या साहाय्याने डेबियन १२ चे छोटे वातावरण जुन्या उबुंटूच्या आत उभे करता येते. त्यात ग्लिब २.७४ आणि पायथॉन ३.११ तयार मिळतात, त्यामुळे ग्लिब आणि टॉमली हे दोन्ही प्रश्न उद्भवतच नाहीत. मात्र तिथे बांधलेला क्यूएमू बाहेर काढून २०.०४ वर चालवू गेल्यास तो ग्लिबसीच्या नव्या आवृत्तीची मागणी करून नकार देईल. डेबियन १२ मध्ये ग्लिबसी २.३६ आहे, उबुंटू २०.०४ मध्ये २.३१, आणि जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालेल याची हमी नसते. म्हणून जिथे बांधले तिथेच चालवावे आणि कंटेनर सुरू करताना केव्हीएमची उपकरण-फाइल त्याच्या हाती द्यावी. नाहीतर विंडोज सुरू होईल, पण केव्हीएमशिवाय रांगत चालेल.

दोन्ही रीतींत कंपाइल व्हायला जुन्या संगणकावर बराच वेळ जातो, म्हणून ज्या यंत्र-रचना लागणार आहेत तेवढ्यांचीच नावे कॉन्फिगरला द्यावीत. मध्येच लाईट गेली तरी निंजा झालेले काम पुन्हा करत नाही. कधी एखादी फाइल अर्धवट लिहिली जाते आणि पुढे विचित्र चूक येते. ती शून्य आकाराची फाइल शोधून पुसली की गाडी पुढे जाते.

तक्रारच आली नाही तर?

हा प्रकार मला जास्त धोकादायक वाटतो. क्यूएमूच्या पुष्कळ सोयी ऐच्छिक आहेत आणि त्यांची लायब्ररी सापडली नाही तर तपासणी काहीही न बोलता त्या गाळून पुढे जाते. याचे प्रसिद्ध उदाहरण लिबस्लर्प. आभासी यंत्राला कुठल्याही अधिकाराशिवाय इंटरनेट मिळवून देणारी ही लायब्ररी पूर्वी क्यूएमूच्या सोर्ससोबतच येत असे. डिसेंबर २०२२ च्या ७.२ आवृत्तीपासून ती वेगळी बसवावी लागते. न बसवता बांधणी निर्विघ्न पार पडते, आणि यंत्र सुरू करताना ‘यूझर’ नेटवर्क या बांधणीत नाही असे उत्तर मिळते. ज्यांनी वर्षभर हीच आज्ञा वापरली, ते बिचारे आज्ञेतच चूक शोधत बसतात. उपाय सोपा आहे. जी सोय हवीच आहे तिचे नाव ‘एनेबल’ लावून कॉन्फिगरला सांगावे. मग ती लायब्ररी नसेल तर गाळण्याऐवजी तपासणीच थांबते आणि कारण सांगते.

जुनी आवृत्ती घेणे सुरक्षेच्या दृष्टीने चूक नाही का?

काही अंशी चूक आहे. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाने गाजलेली त्रुटी क्यूएमूच्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या सोर्समध्ये २००४ पासून पडून होती, आणि आतल्या यंत्रातून बाहेरच्या संगणकात शिरण्याची वाट तिने उघडली होती. अशी त्रुटी सापडली की वितरणे आपल्या जुन्या पॅकेजमध्ये तेवढी दुरुस्ती घालतात. आपण हाताने बांधलेल्या ८.२ मध्ये ती कोणी घालणार नाही. ते काम आपलेच. प्रयोगशाळेत अभ्यासासाठी हे चालते. ज्या संगणकावर महाविद्यालयाचे हिशेब किंवा निकाल आहेत, तिथे मी हाताने बांधलेली बांधणी ठेवत नाही. आणि खुद्द उबुंटू २०.०४ चा नियमित मोफत आधार मे २०२५ मध्ये संपला असल्यामुळे, ते वितरण वर नेणे हाच त्या संगणकांचा खरा उपाय आहे. तारखांचा हिशेब आम्हाला एका सत्राची सवड देऊन गेला, इतकेच.

वितरण नवे आणि सोर्स जुना असेल तर?

वितरण वर नेल्यावर उलटी अडचण भेटते. एखाद्या जुन्या प्रकल्पाला क्यूएमूची ठरावीक जुनी आवृत्तीच लागते आणि ती नव्या उबुंटूवर बांधली जात नाही. ग्लिबसी २.३० ने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘गेट-टीआयडी’ हे फंक्शन स्वतःकडे घेतले, तर त्याच नावाचे फंक्शन क्यूएमूच्या आधीच्या सोर्समध्येही होते. दोन्ही समोरासमोर आल्यावर कंपाइलरने हात वर केले. पायथॉन ३.१२ ने ऑक्टोबर २०२३ मध्ये डिस्टयूटिल्स हा भाग काढून टाकल्यावर, त्यावर विसंबलेल्या जुन्या बांधणी-स्क्रिप्ट अशाच अडल्या. यात तक्रार कंपाइलच्या टप्प्यात येते आणि ‘हवे इतके, सापडले इतके’ असे आकडे कुठेच नसतात, म्हणून ती ओळखणे अवघड जाते. फंक्शनचे नाव दोनदा जाहीर झाल्याची चूक दिसली, की सोर्सची तारीख आणि ग्लिबसीची तारीख शेजारी लिहून पाहावी. इथेही त्या सोर्सच्या काळातले वितरण कंटेनरमध्ये उभे करून त्यातच बांधणे, हे सोर्समध्ये ठिगळे लावत बसण्यापेक्षा कमी वेळाचे काम ठरते. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी पुढच्या सत्रात हेच करावे लागणार आहे, कारण प्रयोगशाळा २४.०४ वर जाते आहे आणि ८.२ तिथे तयार पॅकेजातच असली, तरी तिने त्या सोर्समध्ये स्वतःचे काही बदल करून ठेवले आहेत.